खळ्यातला तेलाचा डाग

पहिला डाग पडला तो नेमका तुळशीसमोर. एवढं मोठं खळं होतं, पण तेलाला तीच जागा सापडली. रुपयाएवढा काळा डाग. मी तो पायाने पुसायला गेलो तर तो बशीएवढा झाला. तेवढ्यात नर्मदा बाहेर आली आणि माझ्या पायाकडे बघत उभी राहिली. नर्मदा म्हणजे आमचं कुटुंब. रागावली की ती आधी बोलत नाही, नुसती बघते. त्या बघण्यापेक्षा बोलणं परवडलं, असं माझं लग्नापासूनचं मत आहे.

खळं म्हणजे घरापुढचं अंगण, हे घाटावरच्या मंडळींना सांगायला हवं. पण अंगण म्हणजे मातीची मोकळी जागा, असं समजून ती मंडळी पुढे वाचू लागतील, तर तसं नाही. पावसात खळ्याचा पार चिखल होतो. पाऊस सरला की ते सगळं खणायचं, नवी माती घालायची, पाणी मारून तुडवायची, चोपण्याने बडवून बडवून सपाट करायची आणि मग शेणाने सारवायची. नर्मदेच्या हाताला त्या दिवसांत फोड येतात. पण तिचं खळं सगळ्या वाडीत नावाजलेलं. बायका येऊन त्यावर हात फिरवून जात. अशा खळ्यावर तेल पडलं, आणि तेलावर शेण धरत नाही, हा नवा शोध आमच्या घरात लागला. आज सारवलं की उद्या पोपडा निघून डाग पुन्हा हजर.

डागाचं मूळ म्हणजे माझी मोटारसायकल. लढाईत वापरून सरकारने विकायला काढलेली इंग्रजी गाडी. ती मी दसऱ्याच्या सुमारास सावंतवाडीच्या एका निवृत्त सुभेदाराकडून घेतली. मी मालवणात हायस्कुलात भूगोल शिकवतो आणि चौके गावाच्या अलीकडे आमच्या वाडीत राहतो. एस्टीची वाट बघण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं होतं. उरलेलं अर्धं तरी चाकावर जावं, एवढीच इच्छा. गाडी आली आणि माझा भावच बदलला. पूर्वी "मास्तर चलले" म्हणणारे लोक आता "मास्तर गेले" म्हणू लागले.

"गाडी भायर ठेवा," नर्मदा शेवटी म्हणाली.

"बाहेर कुठे?"

"खंयय ठेवा. मांगरात ठेवा."

मांगरात, म्हणजे मागच्या खोपीत, गवत होतं. आणि खरं सांगायचं तर मांगरात ठेवलेली गाडी रस्त्यावरून दिसत नाही. हे मी बोललो नाही, पण तिला ते कळलं. मी गाडीखाली करवंट्या ठेवून पाहिल्या. कोंबड्यांनी त्या उपड्या केल्या. मग मी तिच्याकडे तिची माहेरची पितळी परात मागितली. ती परात नर्मदा वर्षातून दोनदा चिंचेने घासते आणि पुन्हा वर ठेवते. तिने माझ्याकडे असं काही बघितलं की मीच इंजिनाखाली जाऊन निजावं असं मला वाटलं.

"आयका," ती म्हणाली, "तुळशीच्या लग्नाक सगळी वाडी ह्या खळ्यात येतली. त्या दिसा तेलाचो एक थेंब जरी खळ्यात दिसलो, तर ही गाडी गुरुदासाक दितलंय. सांगान ठेवतंय."

गुरुदास हा तिचा भाऊ, इन्सुलीचा. गाडी आली त्या दिवसापासून तो दर खेपेला तिच्यावर बसून हँडल हलवून जात असे. म्हणजे धमकी नुसती धमकी नव्हती. घेणारा तयार होता.

आता जगात खनिज तेल कुठे कुठे सापडतं, हे मी पोरांकडून वर्षानुवर्षं घोकून घेत आलो आहे. इराण म्हणा, ब्रह्मदेश म्हणा, मला नकाशा लागत नाही. पण स्वतःच्या गाडीतलं तेल कुठून येतं, हे काही सापडेना. फडक्याने सगळं इंजिन पुसून बघत बसलो की एक थेंब येत नसे. सकाळी शाळेला निघताना गाडी सुरू केली की हळूच इकडून तिकडून सगळीकडे ओघळ. आणखी एक चमत्कार होता. थंडीच्या सकाळी करवंटीतल्या तेलावर पांढरी साय धरायची. इंग्रजी गाडी आहे, तिकडच्या हवेची सवय असेल, अशी मी स्वतःची समजूत काढली.

वासाचं तर विचारूच नका. गाडी बाजारातून गेली की मागे ताज्या तळणीचा वास. मासळी बाजाराजवळची कुत्री माझ्या मागे धावायची. "मास्तरांचे बांगडे जळतत," असं कोणी ओरडायचं आणि लोक हसायचे. मी गंभीर चेहरा करून पुढे बघत असे. शिक्षकाला मागे वळून बघण्याची सोय नसते.

शेजारी धावून आले. शेजारी म्हणजे भिकाजी आणि भाई. भिकाजी बोटीवर होते, इंजिनात तेलवाला म्हणून. बोट सुटली तरी बोटीची भाषा सुटली नव्हती. ते खळ्यात उकिडवे बसले, गाडीभोवती एक फेरी तशीच बसल्या बसल्या मारली आणि म्हणाले, "मास्तर, बोटीचा इंजिन बघल्यात तुमी?"

"नाही."

"तुमच्या घरापेक्षा मोठा. थंय तेल गळला तर आमी काय केला आसतला?"

"काय?"

"ग्यासकिट बदलला आसतला. बुचाचो ग्यासकिट, म्हंजे जोडातली चकती. जोडात बूच घाला, तेलाचो बाप भायर येवचो नाय."

भाईंचं म्हणणं वेगळं. ते देवस्कीचे, म्हणजे देवाभुतांच्या कामांचे, जाणकार. "यंत्र उघडूच्या आधी गाऱ्हाणा घालूक होया," ते म्हणाले. "ही लढायेतली गाडी. हेच्यार कोण बसलो, कोण मेलो, तुमका ठावक आसा?" मला ठाऊक नव्हतं आणि आता ते मनातून जाईना.

बुचाचं मात्र पटलं. पण बूच आणायचं कुठून? आमच्या या मुलखाची गंमत अशी की खाली पलीकडे पोर्तुगीज आणि अलीकडे दारूबंदी. पलीकडून बाटल्या कशा येतात, हे कोणालाच माहीत नाही. त्या येतात एवढं मात्र सगळ्यांना माहीत आहे. मी भोळेपणाने एकेकाला विचारत सुटलो, "तुमच्याकडे एखादं बूच आहे का हो?" आमच्या वाडीत विचारलं, बाजारात विचारलं, शाळेत शिक्षकांच्या खोलीत विचारलं. संस्कृतचे मास्तर संध्या करणारे, त्यांनी पुस्तकात डोकं घातलं. एका सावकाराने मला दुकानाबाहेर काढून हळूच विचारलं, "तुमाक कोणी सांगल्यान?" बूच कुणाकडेच नव्हतं. इतकं निर्व्यसनी मालवण मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडतो तो पडवीत बुचांचा ढीग! पुडीत बांधलेली, पानात गुंडाळलेली, काही नुसतीच कठड्यावर मांडून ठेवलेली. कोण कधी ठेवून गेलं, देव जाणे. शिक्षकाविषयी समाजात किती आदर आहे, हे मला त्या सकाळी समजलं. मी सद्गदित होऊन ती सुपात भरत होतो, तेवढ्यात खळ्यात जमादार उभे.

जमादार घाटावरचे, नवे आलेले. बुचं विचारत फिरणारा मास्तर, ही खबर त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्यांनी सुपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"एवढी बुचं," ते म्हणाले, "आणि बाटल्या कुठं?"

"बाटल्या नाहीत."

"बाटलीशिवाय बूच येतं कुठनं, गुरुजी?"

या प्रश्नाचं उत्तर भूगोलात आहे. माझी जीभ वळवळली. मी म्हणालो, "बूच हे एका झाडाच्या सालीपासून होतं. ओक नावाचं झाड. पोर्तुगालात त्याची मोठी लागवड आहे."

"म्हणजे माल पोर्तुगीज आहे, हे तुम्हाला कबूल?" जमादार म्हणाले आणि त्यांनी खिशातून पेन्सिल काढली.

पंचनामा सुरू झाला. पंच म्हणून भिकाजी आणि भाई यांना बोलावलं. जमादार एकेक बूच नाकाशी नेत होते आणि डोळे मिटून विचार करत होते. त्यांच्या नाकाचा अनुभव दांडगा दिसला. एक जाडसर बूच हुंगून ते म्हणाले, "हे भारीतलं आहे हां," आणि भिकाजींची मान किंचित ताठ झाली. एकाला काजूचा वास आला, तेव्हा भाईंनी छपराची कौलं मोजायला घेतली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या घरी पोलीस आले होते. कडेच्या वाटेवर बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. पुढची दहा वर्षं या वाडीत आपण तोंड कसं दाखवणार, असं मला खरोखर वाटलं.

मी जमादारांना इंजिन दाखवलं, डाग दाखवला, नर्मदेची अट सांगितली. अट ऐकल्यावर त्यांचा चेहरा पालटला. ते संसारी माणूस असावेत. "हे आधी सांगायचं नाही का?" ते म्हणाले. "ठीक आहे. आज संध्याकाळपर्यंत ही सगळी बुचं इंजिनात बसली पाहिजेत. एक जरी बाहेर दिसलं तर मला कारवाई करावी लागेल."

त्यामुळे आता दुरुस्ती ही माझ्या इच्छेची गोष्ट राहिली नाही. तो सरकारी हुकूम झाला.

खळ्यात चटई घातली. नटबोल्ट ठेवायला करवंट्या मांडल्या. पाना हातात घेतला, तर भाईंनी माझा हात धरला. नारळ ठेवला, अगरबत्ती लावली आणि भाईंनी गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी ओरडली. वाडी केव्हा जमली ते मला कळलंच नव्हतं.

"आज हो मास्तर तुझो सेवक, हेच्या गाडयेचा जा काय तेल गळता, ता बंद कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हेच्या घरातली बाईल जी काय रागावली आसा, तिचो राग शांत कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे जरा जास्तच जोरात झालं. दारात नर्मदा पदर तोंडाला लावून उभी होती. ती हसत होती की रडत होती, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

"आणि ती भायची म्हस दूद देत नाय, तेचाय जरा बघ रे म्हाराजा!"

भाईंनी आपलं काम त्यातच उरकून घेतलं. मग इंजिन उघडलं. भिकाजी हुकूम सोडत होते आणि मी काळा होत होतो. बुचं कापून चकत्या केल्या, होडीच्या फटी बुजवायची राळ लावून त्या एकमेकींना चिकटवल्या आणि जोडात बसवल्या. ज्या चकत्या बसेनात त्या जमादारांच्या धाकाने आणखी ठोकून बसवल्या. सगळं पुन्हा जोडल्यावर एक नट करवंटीत शिल्लक राहिला. "बोटीर नेहमीच उरता," भिकाजी म्हणाले. मी तो नट खिशात टाकला.

या सगळ्या गदारोळात काशीआते तेवढी शांत होती. काशीआते म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. तिचे यजमान लग्नानंतर लवकरच बोटीवर गेले आणि त्यांची बोट परत आली नाही. तेव्हापासून आते आमच्याकडे. देवघरातला दिवा ती विझू देत नाही. रोज पहाटे उठून पळीने त्यात तेल घालायचं, वात सारायची, मग बाकीचं. तो दिवा कोणासाठी आहे, हे तिने कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. गाडी घरी आणली त्या दिवशी मी ऐटीत तिला इंजिनाच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडून दाखवलं होतं. "आते, हा या गाडीचा जीव. तेल संपलं तर गाडी रस्त्यातच बसली म्हणून समज, आणि मी गाडीवरून खाली." तिने डोळे बारीक करून टाकीत बघितलं होतं.

दुरुस्ती झाली त्याच दिवशी जामसंड्याहून निरोप आला. माझी बहीण लक्ष्मी बाळंत झाली होती आणि तिला आते हवी होती. आते बोचकं बांधून एस्टीने गेली. जाताना दिवा नर्मदेच्या हवाली केला. गाडीकडेही वळून बघितलं.

आणि काय सांगू! गळती बंद! एक थेंब नाही. मी सकाळी गाडी सुरू करावी, खाली वाकून बघावं, खळं कोरडं. मी मालवणला जाऊन यावं, पुन्हा बघावं, कोरडं. तळणीचा वास गेला. कुत्री मला ओळखेनाशी झाली. नर्मदेने जुना डाग खरवडून काढला, नवी माती दाबली, सारवलं, आणि या खेपेला शेण धरलं. ती त्या जागेवर हात फिरवून माझ्याकडे बघून हसली. लग्नानंतर ती अशी पहिल्या वर्षात एकदा हसली होती.

माझी कीर्ती पसरली. हेडमास्तरांनी मला मुलांपुढे "स्वावलंबन" या विषयावर बोलायला लावलं. लोक गळके बंब, गळकी घमेली, गळके कंदील घेऊन पडवीत येऊ लागले. एका बाईने तर आपला म्हातारा आणला, त्याचे डोळे गळतात म्हणून. मी सर्वांना सबुरीने सांगे, "जोड कुठे आहे ते आधी शोधायला हवं." भिकाजी मागून म्हणत, "बुद्धी आमची, हात मास्तरांचे." त्यांना मी ते म्हणू देत असे. मोठ्या माणसाला मन मोठं ठेवावं लागतं.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आते परत आली.

लग्नाच्या दिवशी मला पहाटेच जाग आली. खळ्यात पावलं वाजली म्हणून मी पडवीत आलो. तुळशीजवळ दिव्याचा मंद उजेड होता आणि गाडीजवळ आते उभी होती. एका हातात पळी, दुसऱ्या हातात खोबरेल तेलाची तपेली. टाकीचं झाकण उघडून ती पळी पळीने तेल ओतत होती, अगदी सावकाश, एक थेंब बाहेर सांडू न देता.

"आते!" मी म्हटलं. "ह्या काय करतंस?"

"तेल घालतंय रे," ती म्हणाली. "मी जामसंड्याक गेलंय, तर कोणीच घालूक नाय वाटता. बघ तरी किती खाली गेला ता. आज चार पळये जास्त घातलंय."

"कवापासून घालतंस?"

"गाडी इली तवापासून. तूच सांगलंस ना, तेल सोपला तर रस्त्यात पडशीत म्हणान? दिव्याक घालतंय, मगे हेका घालतंय. तू शाळेत जातंस, परत येवक होयो मरे."

मी पुढे जाऊन टाकीत डोकावलो. रात्रभर गाडी उभी राहिली की टाकीतलं तेल खाली इंजिनात उतरतं आणि सकाळी टाकी कमी भरलेली दिसते. गाडी सुरू झाली की ते सगळं पुन्हा वर टाकीत येतं. तिथे आधीच आतेच्या पळीने जागा भरलेली असली की ते बाहेर येणारच. यात यंत्रशास्त्र काही नाही, पेजेची तपेली उतू जाते तेच. पांढरी साय, बांगड्यांचा वास, मागे लागलेली कुत्री, आमच्या स्वयंपाकघरातलं खोबरेल महिना भरायच्या आधीच का संपतं म्हणून नर्मदेने घातलेला वाद, सगळं एका क्षणात उलगडलं. माझी बुचं, राळ, जमादार, गाऱ्हाणं आणि स्वावलंबनावरचं भाषण, सगळं फुकट होतं.

तोंडाशी शब्द आले होते. पण आते पळी पदराला पुसत होती आणि तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला बोलवेना. मला तिची माया वाटली आणि स्वतःची लाज वाटली, दोन्ही एकदम. "बरा केलंस," मी एवढंच म्हटलं. आज सुट्टी आहे, गाडी सुरूच करायची नाही, आणि रोज आते आत गेली की चार पळ्या गुपचूप काढून टाकायच्या, असा बेत मी ठरवला. बेत चांगला होता. फक्त त्यात गुरुदास नव्हता.

गुरुदास संध्याकाळी आला. खळं भरलेलं. तुळशीवृंदावन रंगवलेलं, ऊस उभा केलेला, दिंड्याची काठी नवरदेव म्हणून तयार, सुपात चिंचा आवळे, पाटावर चुरमुरे. नर्मदेने तुळशीपुढे रांगोळी घातली होती आणि ती नवं लुगडं नेसून सगळ्यांची विचारपूस करत होती. बायका खळ्याला हात लावून बघत होत्या. एवढ्यात भिकाजींनी गुरुदासाला आमच्या दुरुस्तीची कथा सांगायला घेतली.

"भावजी, बघूया तरी," गुरुदास म्हणाला. मी "अरे नको, आता मुहूर्त" म्हणतो आहे तोवर त्याने टांग टाकली आणि एक किक मारली. एरवी त्या गाडीला माझ्या दहा किका लागतात. त्या दिवशी एकीत सुरू झाली.

आधी धूर आला. मग टाकीच्या बाजूने, जोडातून, नळीतून तेल असं आलं की बस्स. नर्मदेच्या सारवलेल्या खळ्यावरून ते सावकाश रांगोळीकडे निघालं. आणि त्याबरोबर तो वास. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं सुरू होणार, भटजींनी श्वास घेतला आणि थांबले.

"बांगडे कोणाकडे तळतायत?" ते म्हणाले.

कोणी हसलं नाही. सगळे नर्मदेकडे बघत होते आणि ती माझ्याकडे. बोलत नव्हती. नुसती बघत होती. भिकाजी मोठ्याने म्हणाले, "ग्यासकिट माझो नीट होतो. बसवतानाच कायतरी झाला." तेवढ्यात दारातून आते हातात पळी घेऊन बाहेर आली. "गळला काय रे? थांब, मी आत्ता..."

मी पुढे झालो आणि तिच्या आड उभा राहिलो. "चूक माझी," मी म्हणालो, सगळ्या वाडीला ऐकू जाईल एवढ्याने. "बूच मी चुकीचं बसवलं. मला यातलं काही कळत नाही. आते, तू आत जा, दिव्याकडे बघ."

अख्ख्या वाडीपुढे, भटजींपुढे, गळके बंब घेऊन आलेल्या लोकांपुढे मी हे बोललो. नट खिशात होता, तो मुठीत घट्ट धरून ठेवला. भाई म्हणाले, "तरी मी सांगा होतंय, कोंबो देवक होयो." लग्न लागलं. चुरमुरे वाटले गेले. माझ्या हातावर पडलेले मी तसेच धरून उभा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुदास गाडी घेऊन इन्सुलीला गेला. नर्मदा शब्दाची पक्की.

मी पुन्हा एस्टीची वाट बघू लागलो. "मास्तर चलले," लोक म्हणू लागले. गळके बंब परत गेले. इन्सुलीहून बातमी आली की गुरुदासाकडे गाडी एक थेंब गळत नाही, आणि तो सगळ्यांना सांगत सुटला आहे की भावजींनी लावलेला बट्टा आपण धुऊन काढला. हे मी गिळलं. गिळायला जरा कठीण गेलं, पण गिळलं.

एका संध्याकाळी आम्ही पडवीत बसलो होतो. नर्मदा सूप घेऊन तांदूळ निवडत होती. आते गाडीच्या रिकाम्या जागेकडे बघत होती. बघता बघता तिने मला विचारलं, "रे, थंय इन्सुलीक त्या गाडयेक तेल कोण घालता?"

नर्मदेचा हात थांबला.

"तेल?" ती म्हणाली. "आते, गाडयेक तेल तुमी घालत होतास?"

"रोज," आते म्हणाली. "दिव्याक घालून झाला काय तेकाय. त्या दिसा जास्त घातलंय, तरी गळान गेला सगळा. गुरुदासाक ठावक आसात मां? नायतर तो रस्त्यात पडात."

"घालतत गो आते," मी घाईने म्हटलं. "तू काळजी करू नको."

नर्मदा माझ्याकडे बघू लागली. तिचं ते बघणं मला माहीत आहे असं मी समजत होतो, पण हे निराळं होतं. "तुमका ठावक होता?" तिने हळू विचारलं. मी छपराकडे बघितलं. तिने सूप खाली ठेवलं आणि आत गेली. खूप वेळ बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी इन्सुलीकडे जाणाऱ्या माणसाबरोबर तिने भावाला सांगावा धाडला. काय सांगावा, ते मला सांगितलं नाही.

गुरुदास रविवारी गाडी घेऊन आला, तोंड पाडून. "एक थेंब गळला नाय हां भावजी," तो पुन्हापुन्हा सांगत होता. गाडी त्याने खळ्यात, नेहमीच्या जागी, तुळशीसमोर उभी केली. आते काठी टेकत गेली, झाकण उघडलं आणि टाकीत डोकावली.

"सुकली गो बिचारी," ती म्हणाली आणि पळी आणायला आत वळली.

मी नर्मदेकडे बघितलं. ती आतेच्या मागोमाग आत गेली. वरच्या फळीवरून काहीतरी काढल्याचा आवाज आला. मग ती माहेरची पितळी परात घेऊन बाहेर आली, गाडीजवळ खाली बसली आणि इंजिनाच्या बरोबर खाली ती परात सरकवली.

"थंयच रवांदे," ती मला म्हणाली. "आतेक काय एक सांगू नकात."